डिस्कचं वावर, धुरा आणि सातबारा

 

मागच्या खेपेला आपण कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काही आपलं काम नव्हे. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कची वाटणी कशी असते आणि कॉम्प्युटर चालू होण्याच्या दोन पद्धती कोणत्या, हे आज सांगायचं आहे. पण थांबा, रेडिओ बंद करू नका. ज्या बाईला वाटणी, धुरा आणि सातबारा कळतो, तिला हेही कळतं. आणि ते कळत नव्हतं म्हणून आमच्या बारा गटांचे आठ वर्षांचे हिशेब एका दुपारी पुसले जाणार होते. तिथूनच सुरुवात करू.

त्या दुपारी काय झालं

आमचं गाव मूर्तिजापूर-दर्यापूर रस्त्यावर. म्हणजे एक पाय अकोला जिल्ह्यात, एक अमरावतीत. ग्रामसंघाच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. कोणाची किती बचत, कोणी किती कर्ज उचललं, किती फेडलं, कोणत्या महिन्यात दंड लागला, सगळं त्यात. सुरुवातीला आम्ही वहीतही लिहायचो. मग "आता कॉम्प्युटरात आहे न" म्हणत वह्या मागे पडल्या. ही आमची पहिली चूक. ती आमचीच, दुसऱ्या कोणाची नाही.

उन्हाळ्यात खोली दीड महिना बंद होती. अकोल्याचा पारा पंचेचाळिसावर गेला की टिनाच्या खोलीत कोण बसणार? मृगाच्या तोंडावर बँकेनं कर्जासाठी तीन वर्षांचा हिशेब मागितला, तेव्हा कुलूप उघडलं. बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ असा, की चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

तालुक्याहून दुरुस्तीवाला आला. त्यानं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, डिस्क गेली. फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकावी लागते."

आम्ही विचारलं, "मंग हिशेबाचं काय?"

"ते गेलं समजा."

आमच्या खजिनदार काकू चौथी शिकलेल्या. त्यांनी कॉम्प्युटरच्या समोर खुर्ची ओढली, तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "डिस्क गेली म्हंतो, मंग गेलेल्या डिस्कवर नवी विंडोज कशी बसते रे भाऊ? आज राहू दे. उद्या पाहू."

प्रश्न अगदी बरोबर होता. तो का बरोबर होता, हे समजायला आधी डिस्क आतून कशी असते ते पाहावं लागेल.

डिस्क म्हणजे वावर

हार्ड डिस्क हे एक मोठं वावर समजा. त्यात पीक म्हणजे आपली माहिती: हिशेब, फोटो, अर्ज, बैठकीचे ठराव. सगळं वावर एकाच पिकाखाली ठेवता येतं. पण आपण तसं करत नाही. धुरा घालून तुकडे पाडतो. इकडे कपाशी, तिकडे तूर, कोपऱ्यात ज्वारी. डिस्कचेही असेच तुकडे पाडतात. त्यालाच पार्टिशन म्हणतात. तुमच्या कॉम्प्युटरात 'सी ड्राइव्ह', 'डी ड्राइव्ह' असं दिसतं ना, ते बहुतेक वेळा एकाच डिस्कचे धुरा घालून केलेले दोन तुकडे असतात.

धुरा कुठून कुठवर, हे कुठं लिहिलेलं असतं? जमिनीचं असतं सातबाऱ्यावर आणि नकाशावर. डिस्कचंही तसंच. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक नोंद असते: पहिला तुकडा इथून इथपर्यंत, दुसरा तिथून तिथपर्यंत. हा डिस्कचा सातबारा. तो लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, एक जुनी आणि एक नवी.

जुनीचं नाव एमबीआर. ती १९८३ पासून चालत आली. हिच्यासाठी डिस्कच्या तोंडाशी फक्त ५१२ बाइट जागा असते. ५१२ इंग्रजी अक्षरं मावतील एवढी चिठ्ठी समजा. त्यातली ४४६ बाइट कॉम्प्युटर चालू करण्याच्या सूचनेसाठी, ६४ बाइट वाटणीच्या नोंदीसाठी आणि शेवटचे २ सहीसारखे. ६४ मध्ये एकेक नोंद १६ ची. म्हणजे तुकडे किती? चारच. पाचवा वाटेकरी आला तर एका तुकड्याच्या पोटात आणखी तुकडे पाडावे लागतात. शिवाय हा सातबारा दोन टीबी, म्हणजे साधारण दोन हजार जीबीपर्यंतचंच वावर मोजू शकतो. त्यापुढची जमीन त्याच्या आकड्यात बसत नाही.

नवीचं नाव जीपीटी. तिच्यात साधारणपणे १२८ तुकड्यांची नोंद होते आणि दोन टीबीची अडचण नाही. आणखी एक शहाणपण तिच्यात आहे. ती नोंदीची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला ठेवते आणि दुसरी अगदी शेवटी. एक प्रत पटवाऱ्याकडे, एक तहसिलात, तशी. एक खराब झाली तर दुसरीवरून उभी करता येते.

सकाळी वावरात कोण येतं

आता दुसरा भाग. बटण दाबतो त्या क्षणी कॉम्प्युटरला काहीच माहीत नसतं. डिस्क कुठं, विंडोज कुठं, काहीच नाही. त्याच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एका चिपमध्ये छोटासा कार्यक्रम लिहिलेला असतो. तो आधी जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. या उठवण्यालाच बूट होणं म्हणतात. हा कार्यक्रम म्हणजे आपला सालदार समजा, पहाटे सगळ्यांच्या आधी वावरात पोचणारा.

जुन्या सालदाराचं नाव बायोस. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हापासूनचा. त्याची रीत ठरलेली. वावराच्या पहिल्या कोपऱ्यावर जायचं, तिथली चिठ्ठी घ्यायची आणि तीत लिहिलंय तसं करायचं. ही चिठ्ठी म्हणजेच एमबीआरमधले ते ४४६ बाइट. चिठ्ठी सापडली तर काम सुरू, नाही सापडली तर हात वर.

नव्या सालदाराचं नाव यूईएफआय. इंटेल कंपनीनं त्याची सुरुवात केली आणि २००५ पासून अनेक कंपन्या मिळून त्याचे नियम ठरवतात. तो कोपऱ्यावरची चिठ्ठी शोधत नाही. वावरात त्याच्यासाठी एक लहान झोपडी बांधलेली असते. म्हणजे डिस्कवरचा छोटा वेगळा तुकडा, बहुधा शंभर ते काहीशे एमबीचा. आपल्याला तो 'सी', 'डी'सारखा दिसत नाही. त्या झोपडीत विंडोज किंवा लिनक्स चालू करण्याच्या फायली असतात. सालदार तिथं जातो, हवी ती फाइल उचलतो आणि काम सुरू करतो. दोन-तीन सिस्टिमच्या फायली शेजारी शेजारी ठेवल्या तरी त्याला अडचण नसते.

विंडोजचा नियम पक्का आहे. बायोस पद्धतीनं चालू व्हायचं असेल तर डिस्कचा सातबारा एमबीआरचा हवा आणि यूईएफआय पद्धतीनं व्हायचं असेल तर जीपीटीचा. जोडी चुकली की सालदार वावरात येतो, आपली जागा शोधतो, त्याला काही सापडत नाही आणि तो सांगतो, इथं वावरच नाही. प्रत्यक्षात वावर तिथंच असतं. पीकही उभं असतं. फक्त त्याला आत शिरायची वाट दिसत नसते.

म्हणून मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातली एक गोष्ट गाठीला बांधा. डिस्कवरून कॉम्प्युटर चालू न होणं वेगळं आणि डिस्कवरची माहिती जाणं वेगळं.

घड्याळानं सांगितलं

आता परत आमच्या खोलीत येऊ. गावातली एक लेक अमरावतीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. संध्याकाळी तिला फोन लावला. तिनं दोनच गोष्टी विचारल्या. कॉम्प्युटर चालू होतानाच 'डिलीट' किंवा 'एफ २' बटण दाबत राहिलं की सेटिंगचा पडदा येतो, तो काढायला लावला. मग म्हणाली, "डिस्कचं नाव दिसते काय?"

दिसत होतं. कंपनी आणि जीबीचा आकडा दोन्ही.

"आणि तारीख कोणती दाखवते?"

तारीख बारा-तेरा वर्षांपूर्वीची, १ जानेवारी.

ती हसली. "काकू, डिस्क नाही गेली. सेल गेला."

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो. सीआर २०३२ म्हणून दुकानात मिळतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. लाइन बंद असताना तारीख, वेळ आणि सेटिंग लक्षात ठेवायचं काम बहुतेक जुन्या मशीनमध्ये त्याच्यावर असतं. दीड महिना कॉम्प्युटर बंद, त्यात जुना सेल. तो संपला आणि मशीन सगळं विसरलं. विसरल्यावर ते कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेलं. आमच्या मशीनला दोन्ही सालदार येतात. मूळ सेटिंग यूईएफआयचं होतं. विंडोज टाकली तेव्हा मात्र कोणीतरी जुनी पद्धत निवडून एमबीआरवर टाकली होती. म्हणजे एका रात्रीत सालदार बदलला आणि वावर जुन्याच पद्धतीचं राहिलं.

रविवारी ती गावी आली. आल्याबरोबर तिनं सेटिंगला हात लावला नाही. आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. हे डिस्कवर काही न लिहिता, नुसत्या पेन ड्राइव्हवरून चालतं. त्यातून आमची डिस्क उघडली आणि बाराही गटांचे हिशेब बाहेरच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. मग नवा सेल बसवला, तारीख लावली आणि सेटिंगमध्ये 'यूईएफआय'च्या जागी 'लेगसी' निवडलं. लेगसी म्हणजे जुनी पद्धत. काही मशीनवर याच गोष्टीला 'सीएसएम' लिहिलेलं असतं. पुन्हा चालू केलं, तर विंडोजचं चिन्ह समोर.

खर्च किती? दोन प्लेट आलूबोंड्याएवढा. काकूंनी त्या दिवशी फॉरमॅट मारू दिलं असतं, तर कॉम्प्युटर तेव्हाही छान चालू झाला असता. नवी विंडोज, नवा पडदा आणि आत आमच्या एकाही बाईचं नाव नाही.

हे नाव फार महत्त्वाचं असतं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कित्येक गावांत बायकांच्या नावानं जमीन झाली, तेव्हा आपल्या आई-सासूला कळलं, की नोंद आहे तर हक्क आहे. गटातल्या बाईची बचत आणि तिनं वेळेवर फेडलेलं कर्ज हीही तिची नोंदच. तिच्या जोरावर बँक तिला पुढचं कर्ज देते.

तुमच्या मशीनचं कसं पाहाल

हे आजच करून ठेवा, मशीन चालू आहे तोवर. विंडोजच्या शोधायच्या चौकटीत 'सिस्टीम इन्फर्मेशन' टाइप करा. उघडलेल्या यादीत 'बायोस मोड' अशी ओळ दिसेल. तिच्यासमोर 'लेगसी' असेल किंवा 'यूईएफआय'. मग स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करा, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खाली डावीकडे 'डिस्क ०' लिहिलेलं असतं. त्यावर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'व्हॉल्यूम्स'. तिथं 'पार्टिशन स्टाइल'समोर एमबीआर की जीपीटी ते कळतं. फक्त पाहायचं आणि बंद करायचं. तिथं दुसरं काही दाबायचं नाही.

दोन्ही गोष्टी कागदावर लिहा आणि तो कागद कॉम्प्युटरच्या डब्यावर चिकटवा. सिलिंडर आला की तारीख भिंतीवर लिहितो ना, तसं. उद्या मशीन रुसलं, तर दुरुस्तीवाल्याला तो कागद दाखवता येईल.

वाटणी करायची कशी

आपल्या कामापुरती वाटणी साधी आहे. सिस्टिम एका तुकड्यात आणि हिशेब दुसऱ्या तुकड्यात. विंडोज बिघडली तर सिस्टिमचा तुकडा पुसून नवी टाकता येते आणि शेजारचं पीक उभं राहतं. पण टाकणाऱ्यानं बरोबर तुकडा निवडला तरच. म्हणून हिशेबाच्या तुकड्याला 'नोंदी' असं ठळक नाव द्या. नुसतं 'डी' ठेवू नका.

५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते. कोणी चोरली नाही. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४ च्या. बिघा आणि एकराचा फरक समजा. या ४६५ मध्ये विंडोजला साधारण दीडशे जीबी ठेवा आणि बाकी नोंदींना.

आता एक मोठा प्रश्न. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला यूईएफआय तर लागतंच, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसरही लागतो. जुनी मशीन त्यात बसत नाहीत. बऱ्याच गटांकडे तीच आहेत. आपल्याच जिल्ह्यातलं मेळघाटचं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजलं. त्या काळात गावोगावी कॉम्प्युटर आले, आपल्या लेकी-सुनांनी एमएस-सीआयटी केलं. त्या मशीनना आता वय झालं. पण वय झालं म्हणून बैल लगेच बाजारात काढत नाहीत.

अशा मशीनवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकता येतं. ते फुकट आहे आणि सुरक्षा-दुरुस्तीही मिळत राहते. सी-डॅक या सरकारी संस्थेनं तयार केलेलं 'बॉस' लिनक्स आहे, त्यात मराठी चालते. केरळच्या सरकारी शाळांमध्ये तर कित्येक वर्षांपासून मुलं लिनक्सवरच शिकतात. चालू करताना पडद्यावर विचारणा येते, आज विंडोज की लिनक्स?

इथं एक नियम पाळा. एका डिस्कवर दोन सिस्टिम ठेवायच्या तर दोन्ही एकाच पद्धतीनं टाका. विंडोज लेगसीनं टाकलेली असेल तर लिनक्सही लेगसीनं. नाहीतर रोज सेटिंगमध्ये जाऊन सालदार बदलत बसावं लागतं. पेन ड्राइव्ह तयार करतानाच हे ठरतं. 'रुफस' नावाचं साधन दुरुस्तीवाले वापरतात, तेही सुरुवातीला विचारतं, एमबीआर की जीपीटी. तिथं आपल्या चिकटवलेल्या कागदाशी ताळा करून घ्या.

आणि एमबीआरचे चारच तुकडे लक्षात आहेत ना? आमचे चार असे झाले: विंडोज स्वतः करते तो एक बारका, दुसरा विंडोजचा, तिसरा लिनक्सचा साठेक जीबीचा, चौथा नोंदींचा. वाटणी पुरली. नोंदींचा तुकडा 'एनटीएफएस' पद्धतीचा ठेवला, म्हणजे दोन्हीकडून उघडतो. त्यासाठी विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करावं लागतं. नाहीतर विंडोज वावराला अर्धवट कुलूप लावून जाते आणि लिनक्सला तिथं लिहिता येत नाही.

एमबीआरचं जीपीटी करायचं असेल तर

मोठी डिस्क आली, किंवा मशीन नवं घेतलं आणि त्याला जुनी पद्धत येतच नाही, तर सातबारा बदलावा लागतो. हा फेरफार दोन तऱ्हांनी होतो. पहिल्या तऱ्हेत आधी सगळं वावर नांगरून टाकतात, म्हणजे डिस्क पूर्ण रिकामी करतात आणि मग नवी नोंद करतात. दुरुस्तीवाल्याला ही सोपी पडते. दुसऱ्या तऱ्हेत उभ्या पिकात नोंद बदलतात. त्यासाठी विंडोज १० मध्ये २०१७ पासून 'एमबीआर टू जीपीटी' हे साधन आहे. त्यानं माहिती जात नाही, पण विंडोजच्या डिस्कवर मुख्य तुकडे तीनपेक्षा जास्त नसावे लागतात. झोपडी बांधायला जागा हवी ना! हे झालं की सेटिंगमध्ये यूईएफआय निवडायचं.

कोणत्याही तऱ्हेनं करा, आधी माहितीची प्रत बाहेर काढा. आणि लाइनचा भरवसा धरू नका. फेरफार चालू असताना लोडशेडिंग झालं तर अर्धा धुरा मोडलेला आणि अर्धा घातलेला, अशी गत होते. यूपीएस असेल तरच हे काम करा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून आणि चार्जर लावून. उन्हाळ्यात सकाळी करा, मशीन तापत नाही.

नव्या लॅपटॉपमध्ये आणखी एक कुलूप असू शकतं, बिटलॉकर नावाचं. चालू होण्याची पद्धत बदलली की ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती आधी शोधून कागदावर उतरवा. किल्ली नसेल तर कितीही हुशार माणूस आणा, आतलं उघडत नाही.

चुकून पुसलंच तर

कोणी चुकून तुकडा काढून टाकला तर रडू नका, आधी मशीन बंद करा. सातबारा जळला म्हणून वावर जळत नाही. जुन्या फिरत्या डिस्कवर तुकड्याची नोंद गेली तरी माहिती बरेचदा जागेवर असते. तिच्यावर नवीन काही लिहिलं गेलं नाही, तर जाणकार माणूस ती परत काढू शकतो. पण त्यावर नवी विंडोज टाकली, म्हणजे पेरणीच केली, तर आशा कमी. आणि अलीकडच्या एसएसडी डिस्कमध्ये तर पुसलेलं बहुधा परत मिळत नाही.

डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, की कधी कधी विंडोज विचारते, फॉरमॅट करायचं का? लिनक्सचा तुकडा दिसला तरी ती असंच विचारते, कारण तिला तो वाचता येत नाही. तिथं 'कॅन्सल' दाबा. तिला वाचता आलं नाही याचा अर्थ आत काही नाही असा होत नाही.

डिस्क खरोखर बिघडतेही, हे खरं. सेटिंगच्या पडद्यावर तिचं नावच दिसत नसेल, किंवा आतून टक-टक असा आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. तशीच काढून जाणकाराकडे न्या.

दुरुस्तीवाल्याला हे विचारा

पहिलं, सेटिंगमध्ये डिस्कचं नाव दिसतं का? दुसरं, तारीख बरोबर आहे का? तिसरं, मशीन लेगसीवर आहे की यूईएफआयवर, आणि डिस्क एमबीआर आहे की जीपीटी? चौथं, फॉरमॅटआधी आमच्या फायलींची प्रत काढून ती आमच्यासमोर उघडून दाखवाल का? आणि पाचवं, कोणता तुकडा पुसणार, त्याचं नाव आणि आकार सांगा.

या पाच प्रश्नांनी कोणाचा अपमान होत नाही. चांगला कारागीर तर खूश होतो, की बाईंना कळतं. जो उत्तर देणार नाही त्याला काकूंसारखं सांगा, आज राहू दे भाऊ.

शेवटचं, आणि सगळ्यात कामाचं. वेगळा तुकडा केला म्हणजे माहिती सुरक्षित झाली असं समजू नका. धुरा घातला म्हणून पूर्णेचा पूर अडत नाही. पूर आला की कपाशी आणि तूर दोन्ही जातात. डिस्क जळाली की तिचे सगळे तुकडे एकदम जातात. म्हणून आता आमच्याकडे दर बैठकीनंतर नोंदींची एक प्रत पेन ड्राइव्हवर निघते आणि ती खोलीत राहत नाही, काकूंच्या घरी धान्याच्या कोठीशेजारच्या पेटीत जाते. महिन्याच्या शेवटी एक छापील पान वहीत चिकटवतो आणि त्यावर प्रत्येक गटाच्या अध्यक्षेची सही होते. वह्या पुन्हा सुरू झाल्या.

बँकेला तीन वर्षांचा हिशेब वेळेत गेला. पेरणी वेळेत झाली. खजिनदार काकू आता दर महिन्याला कॉम्प्युटर चालू करून आधी घड्याळ पाहतात. म्हणतात, "तारीख बरोबर हाय, म्हंजे सालदार जाग्यावर हाय."

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. पद्धत पाहा, कागदावर लिहा, डब्यावर चिकटवा आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्या गटात काय सापडलं, लेगसी की यूईएफआय, ते आम्हाला कळवा. अडलं तर तेही कळवा, पुढच्या खेपेला त्यावरच बोलू. रामराम.